स्वतःचं युनिक्ससारखं ओएस लिहिताय? या चुका टाळा

स्क्रीनवर पहिली ओळ उमटली की बहुतेक जण थेट मल्टिटास्किंगकडे धावतात. मग तक्रार ठरलेली: कर्नल (ओएसचा गाभा) मध्येच रीस्टार्ट होतो आणि काहीच सांगत नाही. सांगेल कसा? त्याला बोलायला शिकवलेलंच नसतं. एक्सेप्शन (प्रोसेसरला अडलेली चूक) आला, हँडलर (ती हाताळणारा कोड) नाही, म्हणून डबल फॉल्ट. त्यालाही हँडलर नाही, म्हणून ट्रिपल फॉल्ट, आणि मशीन रीसेट. पेजिंगला (मेमरीची पानांत वाटणी) हात लावण्याआधी ० ते ३१ या सगळ्या व्हेक्टरना (एक्सेप्शन आणि इंटरप्टचे क्रमांक) हँडलर लावा. व्हेक्टर नंबर, एरर कोड, ईआयपी (चालू सूचनेचा पत्ता) आणि सीआर-टू (पेज फॉल्ट ज्यावर झाला तो पत्ता) सीरियल पोर्टवर छापा. स्क्रीनवर छापलेलं रीसेटबरोबर पुसलं जातं, सीरियलवरचं होस्टच्या टर्मिनलमध्ये राहतं. क्यूएमू हा एम्युलेटर नेहमी नो-रीबूट पर्याय देऊनच चालवा. (हे सगळं ३२-बिट एक्स८६ धरून लिहितोय. सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे.)

आता ज्या चुकीत सर्वात जास्त आठवडे वाया जातात, ती. एसटीआय ही इंटरप्ट सुरू करणारी सूचना चालवली की लगेच 'डबल फॉल्ट'. माणूस पेज टेबल तपासतो, जीडीटी (सेगमेंटचा तक्ता) तपासतो, स्टॅक वाढवतो. चूक यातल्या कशातच नसते, कारण डबल फॉल्ट झालेलाच नसतो. तो टायमर असतो.

इंटेलने पहिले ३२ व्हेक्टर प्रोसेसरसाठी राखून ठेवले होते, तरी १९८१च्या आयबीएम पीसीने हार्डवेअरचे आयआरक्यू (इंटरप्टच्या विनंत्या) ० ते ७ हे व्हेक्टर ८ ते १५वर बसवले. तीच मांडणी आजही बायोसकडून वारशाने मिळते. बायोसचा टायमर सेकंदाला साधारण १८.२ वेळा टिकटिकतो, म्हणजे इंटरप्ट सुरू केल्यावर जेमतेम ५५ मिलिसेकंदांत व्हेक्टर ८ वाजतो. ओळखायची खूण स्वच्छ आहे. खऱ्या डबल फॉल्टचा एरर कोड नेहमी शून्य असतो. टायमर मात्र स्टॅकवर एरर कोड ढकलतच नाही, त्यामुळे हँडलरचे सगळे रकाने एक घर सरकतात: 'एरर कोड'च्या जागी कर्नलमधला पत्ता दिसतो आणि 'ईआयपी'च्या जागी कोड सेगमेंटचा सिलेक्टर, बहुधा ८. ईआयपी ८ दिसला की पेज टेबल बंद करून ठेवा.

इलाज: इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या दोन्ही ८२५९ चिपना नव्याने सुरुवात करून द्या. कमांड पोर्टवर (हेक्स २० आणि ए०) हेक्स ११ लिहा. मग डेटा पोर्टवर (हेक्स २१ आणि ए१) क्रमाने तीन बाइट: आधी नवे पाये (प्रत्येक चिपचा पहिला व्हेक्टर), दशमानात ३२ आणि ४०, मग जोडणीचे ४ आणि २, शेवटी दोघींनाही १. माझी सवय अशी की यानंतर सगळे आयआरक्यू मास्क (बंद) करायचे आणि फक्त टायमर उघडायचा. तो हजार वेळा नीट वाजला की मग कीबोर्ड. प्रत्येक इंटरप्टनंतर कमांड पोर्टवर हेक्स २० लिहायला विसरू नका. आयआरक्यू ८ ते १५ असेल तर दोन्ही चिपना कळवावं लागतं. एकच की चालते आणि मग कीबोर्ड मुका होतो? पोर्ट हेक्स ६० वाचलेला नसतो, किंवा हेच कळवणं राहिलेलं असतं. एसटीआय कॉमेंट करून 'चालतंय' म्हणणं हा इलाज नव्हे. शेड्युलर लिहायच्या दिवशी तोच दोष पुन्हा समोर येतो.

इंटेलच्या प्रोसेसरवर एरर कोड फक्त ८, १० ते १४, १७ आणि (नव्यांवर) २१ या व्हेक्टरना मिळतो असं धरून बाकीच्यांना स्वतः एक शून्य ढकला.

युनिक्सपणाची खरी परीक्षा पाइपमध्ये (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) होते. शेलमध्ये 'एलएस'चं (फाइलींची यादी) आउटपुट 'डब्ल्यूसी'कडे (ओळी मोजणारा) वळवलं आणि शेल लटकला, तर आधी फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) मोजा. वाचणाऱ्याला शून्य, म्हणजे फाइल संपल्याची खूण, तेव्हाच मिळते जेव्हा लिहिण्याचं टोक सगळीकडे बंद झालेलं असतं. दोन फोर्कनंतर (फोर्क म्हणजे प्रोसेसची प्रत काढणं) ते टोक तीन ठिकाणी उघडं असतं: डाव्या मुलात, उजव्या मुलात आणि खुद्द शेलमध्ये. शेलमधलं हमखास विसरलं जातं. कर्नलच्या बाजूने फोर्कने प्रत्येक उघड्या फाइलचा संदर्भ-आकडा वाढवायला हवा आणि एक्झिटने कमी करायला हवा. वाढवला नाही तर एक मूल मरताच दुसऱ्याच्या हातातला पाइप मोकळा होतो. कमी केला नाही तर वाचणारा कायमचा झोपतो. आणि शेवटचा लिहिणारा टोक बंद करतो तेव्हा झोपलेल्या वाचकाला उठवावं लागतं.

घाईतले लोक इथे बफर रिकामा दिसला की शून्य परत करतात. लटकणं थांबतं खरं, पण 'एलएस' जरा हळू चालला की 'डब्ल्यूसी' शून्य ओळी सांगतो. हा शॉर्टकट मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो चुकीचं उत्तर बरोबर असल्यासारखं दाखवतो. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या ओएसमध्ये फोर्क आणि फाइलचा कोड शेजारी ठेवून वाचा, फार लांब नाही. मग तीच पाइपलाइन हजार वेळा चालवा आणि आधी-नंतर मेमरीची मोकळी पानं मोजा. आकडा घसरला तर गळती आहे.

सिस्टिम कॉलच्या (यूझर प्रोग्रॅमने कर्नलला मारायची हाक) गेटला हेक्स ८ई नव्हे, ईई द्या. नाहीतर यूझर मोडमधून प्रोटेक्शन फॉल्टच येईल. प्रोसेस बदलताना टीएसएस या रचनेतला ईएसपी-झिरो (कर्नल स्टॅकचा पत्ता) बदला. एकच प्रोसेस असेपर्यंत ही चूक दिसत नाही. पेज टेबलमधली नोंद बदलली की आयएनव्हीएलपीजी (प्रोसेसरला जुनी नोंद विसरायला लावणारी सूचना). होस्टचा कंपायलर वापरू नका, आय६८६-ईएलएफचा क्रॉस कंपायलर (होस्टसाठी नव्हे, तुमच्या ओएससाठी कोड बनवणारा) बांधा. पुढे ६४-बिटवर गेलात तर रेड झोन (कंपायलर वापरतो ती स्टॅकखालची जागा) बंद करा, नाहीतर इंटरप्ट स्टॅकखालचे १२८ बाइट तुडवतो.

आणि बूटलोडर स्वतःचा असेल, कर्नल फ्लॅट बायनरी (हेडरशिवायचा नुसता कोड) असेल, तर बीएसएस भाग (सुरुवातीला शून्य असायला हवेत ते व्हेरिएबल) स्वतः शून्य करा. क्यूएमूची मेमरी सुरुवातीला शून्यच असते, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं. जुन्या लॅपटॉपवर मात्र त्याच जागी बायोसने मागे टाकलेला कचरा असतो, आणि 'रिकामी' प्रोसेस टेबल भरलेली निघते.