फ्रीस्टाइलमध्ये धाप लागते? आधी श्वास पाण्यात सोडा

फ्रीस्टाइल, म्हणजे पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहताना २५ मीटरच्या एका फेरीतच दम लागत असेल, तर हात आणखी जोरात मारून काही होणार नाही. बहुतेकांची चूक श्वासात असते. तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरायचा आणि मान वळवली की त्या क्षणभरात सोडायचाही नि घ्यायचाही, हे जमतच नाही. तोंड पाण्यात गेलं की लगेच नाकातोंडातून हळूहळू बुडबुडे सोडायला लागा. मग वर आल्यावर फक्त श्वास आत घ्यायचं काम उरतं.

दुसरी गोष्ट डोक्याची. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात. नजर तळाकडे ठेवा आणि श्वास घेताना खांद्यांबरोबर सगळं अंग कुशीवर वळू द्या. गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर, एवढं पुरे. पुढे गेलेला हात तोवर तसाच लांब राहू द्या. आपण तो घाईने खाली दाबतो, आधार जातो आणि तोंडात पाणी येतं. मला तर हीच सवय सगळ्यात आधी सुधारण्यासारखी वाटते.

विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्यांना डोकं वर ठेवायची सवय असते, त्यांनी थोडा धीर धरावा. रोज कठड्याला धरून १० वेळा बुडबुडे सोडा, मग किकबोर्ड (पाण्यावर तरंगणारी फळी) एका हाताने पुढे धरून दुसऱ्या हाताने स्ट्रोक मारा. एका फेरीला किती हात लागतात तेही मोजा. त्याच वेगात २-३ हात कमी लागले, तर स्ट्रोक सुधारतोय.