मृगाआधी बोकडाची गव्हाण बघा

शेळ्या पुन्हापुन्हा माजावर येतात, गाभण राहत नाहीत, आणि दोष शेळीला देऊन ती बाजारात जाते. असे कळप मी बरेच पाहिले. खनिज मिश्रण दुभत्या आणि गाभण शेळ्यांना मिळत होतं, पैदाशीच्या बोकडापुढे मात्र नुसता कडबा. कडब्यात जस्त (झिंक) हे खनिज कमी, आणि आपल्या कोरडवाहू भागातल्या बऱ्याच जमिनींतही ते कमीच.

जस्त कमी पडलं की वृषणांची वाढ खुंटते, बीज (शुक्राणू) कमी तयार होतं. सेलेनियम हे दुसरं खनिज कमी पडलं तर शुक्राणूची शेपटी कमजोर राहते, तो पोचतच नाही. बोकड मात्र शेळीवर चढतो, म्हणून संशय येत नाही.

बीज तयार होऊन बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात. मृगाच्या सरी पडल्या की शेळ्या माजावर येतील. तेव्हा बोकडाला खाऊ घालून उपयोग नाही, आजच सुरू करा. उशीर झाला असला तरी सुरू कराच, मागाहून माजावर येणाऱ्या शेळ्यांना तरी फायदा होईल.

मात्रा: मोठ्या बोकडाला रोज १० ते १५ ग्रॅम खनिज मिश्रण, भरड्यात कालवून. पिशवीवर आयएसआय मार्क आणि जस्ताचं प्रमाण वाचून घ्या. दुकानदार कॅल्शियमची महागडी बाटली पुढे करेल. ती बोकडाला नको, जादा कॅल्शियममुळे जस्त अंगी लागत नाही. सेलेनियमचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. लागणारी आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, जनावर दगावतं.

मागच्या पायांची आणि अंडकोषाची कातडी जाड, खरबरीत, भेगाळलेली दिसली, केस झडले, तर आधी जस्ताची शंका घ्या. खरूज नाही ना, तेही डॉक्टरांकडून बघून घ्या. भिंत आणि माती चाटणारा बोकड दिसला की मी खनिजांची कमतरताच धरून चालतो. हा अनुभवाचा अंदाज, तपासणी नव्हे.

बाकीची कामं:
- जंतनाशक, पावसाआधी आंत्रविषाराची लस
- दुपारी सावली, भरपूर पाणी. उन्हाच्या तडाख्यानेही बीज बिघडतं
- शेवरी, शेवगा, हादग्याचा पाला, सुबाभूळ थोडाच
- २५-३० शेळ्यांमागे एक बोकड

कातडी भेगाळलेला बोकड असेल तर खुराक चालू ठेवा, पण या हंगामाला त्याच्यावर विसंबू नका. दुसऱ्या कळपातला, पिल्लं दिलेला बोकड आत्ताच बोलून ठेवा.