मनगटावरचा फिसकटलेला त्रिशूळ: शेवटी काय उपयोगी पडलं

२०१५च्या सिंहस्थात गोदाघाटावर हौसेनं त्रिशूळ गोंदवून घेतला. काही वर्षांत रेघा पसरल्या, शाई निळसर पडली. पुतण्या त्याला 'जेवणाचा काटा' म्हणायचा.

मीठ घासलं (करू नका, व्रण राहिला), क्रीमच्या दोन ट्यूबा संपवल्या. शाई त्वचेच्या आतल्या थरात. वरून चोळून जाणार कशी? पार वैतागलो होतो.

जमलं ते असं. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे क्यू-स्विच्ड लेझर (क्षणभराच्या झोतांनी शाईचे कण फोडणारा), काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तीन बैठका, मध्ये आठ-आठ आठवडे. पूर्ण घालवायचं नव्हतंच, वर नवं गोंदण झाकेल इतकं राखाडी झालं की पुरे. ताणलेलं रबर सुटून लागावं तसा चटका, मग खपली; ती सोलली नाही, ऊन लागू दिलं नाही. शेवटच्या बैठकीनंतर तीन महिने थांबलो. मग नाशिकच्या कॉलेज रोडला त्यावरच द्राक्षाचा वेल गोंदवून घेतला, जुन्याच्या अडीचपट मोठा. गोंदण्याआधी स्टेन्सिल (चित्राचा कच्चा छाप) लावल्यावर हात वळवून पाहिला: त्रिशुळाचा गडद दांडा पानाच्या सावलीतच यायला हवा. येईना, म्हणून दोनदा पुसून पुन्हा लावायला लावलं. व्रणावर शाई कमी धरली. तिथे महिन्याभरानं दुसरा हात मारून घेतला.