चार्जर चालू होत नाहीये? आधी बघा कोण कोणाशी बोलत नाहीये

मुंबईहून पुण्याला नाहीतर नाशिकला ईव्ही घेऊन निघालात की कधी ना कधी हे होणारच, गन (केबलच्या टोकाचा प्लग) लावली, ॲपमधे स्टार्ट दाबलं आणि चक्र नुसतं गरगर फिरतंय. लोक लगेच गन काढघाल सुरू करतात, मागे लाईन लागलेली असते ती वेगळीच. जरा थांबा आणि अडकलंय कुठे ते बघा. गाडी चार्जरशी केबलमधून बोलते, चार्जर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, बहुतेक वेळा आतल्या सिमवरून, आणि ती भाषा ओसीपीपी. तुमचा फोन मात्र सहसा फक्त सर्व्हरशी बोलतो, चार्जरशी थेट नाहीच, क्यूआर स्कॅन करून फोनला कळतो तो फक्त चार्जरचा नंबर.

म्हणून मॉलच्या बेसमेंटमधे फोनला रेंज नसेल तर गन लावा, क्यूआरचा फोटो काढा, रॅम्पवर जाऊन तो नंबर ॲपमधे टाका आणि तिथून स्टार्ट द्या, चार्जर ऑनलाईन असेल तर खाली चालू होतो. उलटं म्हणजे घाटात चार्जरचंच नेटवर्क गेलं तर तुमचा फाईव्हजी काय कामाचा. अशा वेळी त्या कंपनीचं आरएफआयडी कार्ड, म्हणजे चार्जरला टेकवायचं कार्ड, कधीकधी चालतं, कारण काही चार्जर ओळखीच्या कार्डांची यादी स्वतःकडे ठेवतात. कार्ड मिळत असेल तर घेऊन ठेवाच. आणि ॲपमधलं हिरवं 'अव्हेलेबल' म्हणजे चार्जरने शेवटचं जे कळवलं ते, आत्ताचं असेलच असं नाही, त्यामुळे खालापूरच्या भरवशावर बॅटरी तळाला नेऊ नका, पर्याय ठेवा.

आता चार्जरची स्क्रीन बघा. 'प्रिपेअरिंग'वरच अडकला तर एकतर परवानगी आलेली नाही किंवा गाडीशी जुळत नाहीये. पेमेंट झालेलं दिसतंय तरी तसंच, मग गन नीट आत दाबा, गाडी पूर्ण बंद करून लॉक करा आणि परत ट्राय करा. 'सस्पेंडेड ईव्ही' म्हणजे गाडीच करंट घेत नाहीये, बरेचदा गाडीत लावलेला चार्जिंग टायमर किंवा लिमिट. 'फॉल्टेड' दिसलं तर आधी लाल इमर्जन्सी बटण बघा हां, कोणीतरी दाबून गेलेलं असतं, फिरवून वर आणा.

तरी नाही तर कस्टमर केअरला फोन करून चार्जर आयडी सांगा आणि सरळ म्हणा, रिमोट रीसेट मारा. तो तिथून होतो, पाचेक मिनिटं द्या.

स्पीड कमी मिळतोय म्हणून चार्जरला शिव्या घालण्याआधी शेजारची गन बघा, ६० किलोवॅटच्या मशीनवर दोन गाड्या असतील तर बरेचदा ३०-३० वाटले जातात. ८० टक्क्यांनंतर तर गाडी स्वतःच कमी मागते.

निघताना आधी ॲपमधून स्टॉप, मग गाडी अनलॉक, मग गन. सीसीएस टू, म्हणजे फास्ट चार्जिंगच्या नेहमीच्या गनमधे लॉक गाडीच्या बाजूला असतो, त्यामुळे गन निघत नसेल तर ओढाताण नको, चावीने परत लॉक-अनलॉक करा.