फोटोंचा जुना पीसी: रॅम वाढवावी की नवाच घ्यावा?

लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) रखडलं की मुंबईचा कॉम्प्युटर बाजार, म्हणजे लॅमिंग्टन रोड, गाठण्याआधी टास्क मॅनेजर उघडा; रॅम आणि डिस्कवर किती ताण आहे ते विंडोजमध्ये तिथे दिसतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो फोटोशॉपमध्ये १६ बिटला दर लेयरला (थराला) सुमारे १४४ एमबी खातो. लेयर वाढले, सोबत ब्राउझरही उघडा असला, की ८ जीबी रॅम भरते, उरलेला भार हार्ड डिस्कवर येतो आणि ती १०० टक्क्यांवर जाऊन बसते. माझ्या पीसीवरही तेच झालं. ८ जीबी रॅमची आणखी एक पट्टी आणि साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान ड्राइव्ह) टाकल्यावर लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची यादी, झटकन उघडू लागला. पट्टी घेताना रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ ते बघा, खाच वेगळ्या जागी असते. जुन्या पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने हलकेच पुसा; मुंबईच्या दमट हवेत मळी धरतेच. फोटोतले दाणे काढणाऱ्या एआय डीनॉइजला मात्र चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, तिथे नुसती रॅम वाढवून फारसा उपयोग नाही. आणि प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल, तर सहसा विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. अशा पीसीवर रॅम आणि एसएसडीहून जास्त पैसे ओतू नयेत.