सामायिक डॉक्युमेंटवर परकीय भाषा शिकवताना या चुका टाळा

गूगल डॉक्ससारख्या सामायिक डॉक्युमेंटवर भाषेचा तास फसला, तर बहुतेक वेळा चूक कामाच्या आखणीत सापडते. एका डॉक्युमेंटवर 100 जण एकाच वेळी लिहू शकतात, म्हणून अख्खा वर्ग एका पानावर सोडू नका. वर कुणी ओळ घातली की खालचा मजकूर सरकतो आणि नवशिक्याचं अर्धं वाक्य हातातून निसटतं. तिघा-चौघांचा गट आणि गटागणिक वेगळं डॉक्युमेंट, एवढं पुरतं.

गट केले तरी ज्याची भाषा पक्की तोच सगळं लिहितो आणि बाकीचे ‘छान’ म्हणत बसतात. कुणी काय लिहिलं हे आवृत्ती इतिहासात दिसतं, पण ते बघायला सवड मिळते ती बहुधा तास संपल्यावर. त्याआधीच माहिती वाटून द्या. सहलीचं नियोजन असेल तर एकाकडे फक्त गाड्यांच्या वेळा, दुसऱ्याकडे खर्चाची मर्यादा, तिसऱ्याकडे हवामान. मग एकमेकांना विचारल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही, आणि भाषा शिकली जाते ती याच विचारण्यात. ते विचारणंही नव्या भाषेतच व्हायला हवं. त्यासाठी लागणारी चार-पाच वाक्यं पानाच्या माथ्यावर लिहून ठेवा.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते शिक्षकाने थेट मजकुरात केलेल्या दुरुस्तीने. जर्मन शिकणाऱ्याने ‘मी गेलो’ म्हणायला ‘इश बिन गेगांगेन’ऐवजी ‘इश हाबे गेगांगेन’ लिहिलं आणि तुम्ही गुपचूप ‘हाबे’चं ‘बिन’ केलंत, तर त्याला ते कळतही नाही. त्याऐवजी ‘हाबे’ निवडून कमेंट टाका: ‘गेगांगेन हे जाण्याचं क्रियापद आहे, त्याच्यासोबत सहायक क्रियापद कोणतं येईल?’ दुरुस्ती त्यालाच करू द्या. तीही मजकूर लिहून झाल्यावर; लिहिता लिहिता कमेंट येऊ लागल्या की हात आखडतो. एका वेळी एकाच प्रकारच्या चुका घ्या, असं माझं ठाम मत आहे.

आता किरकोळ अडचणी. प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येतेय? फाइल मेनूतून डॉक्युमेंटची भाषा बदला. विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी ‘निनावी’ प्राण्यांची नावं दिसतायत? विद्यार्थी बहुधा लॉगिन न करता आलेत. कुणालाच लिहिता येत नाहीये? लिंक ‘फक्त पाहण्यासाठी’ गेली आहे. तासाआधी ती दुसऱ्या खात्यातून उघडून बघा.