थंडीत पहिल्यांदा अंजनेरी चढताना

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. हिवाळ्यात उठल्याबरोबर आधी आभाळ बघायचं, मग चहा. ढग किंवा धुकं दिसलं की डावनी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांची धास्ती आणि लगेच फवारणीची तयारी. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडकडे गारा पडल्या, तो दिवस इकडचा शेतकरी विसरणार नाही. त्यामुळे ‘थंडीत कुठला पाऊस’ असं म्हणत कुणी डोंगरावर निघालं की मला राहवत नाही.

थंडीत पहिल्यांदाच डोंगर चढणार असाल तर अंजनेरीचा किल्लाच निवडा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या एसटीनं वीसेक किलोमीटरवर फाट्याला उतरलं की गाव जवळच आहे. वाट मळलेली आहे, मधल्या घळीत पायऱ्या आहेत आणि माणसांची ये-जा असते. हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या फोटोत बघून मोह होतो, पण ओल्या खडकावर ती जागा नवख्याची नाही. ती पुढच्या वर्षी.

अंजनेरीची उंची साधारण १,२८० मीटर, नाशिक सहाशेच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे माथ्यावर चारेक अंश थंडी जास्त, आणि वारा वेगळा. खरा त्रास घामाचा होतो. माझ्या पहिल्या खेपेला मी सुती बनियनवर जाड स्वेटर आणि त्यावर जर्किन घालून निघाले. पायऱ्यांवर अंगातून पाणी निघालं. वर सपाटीवर आले तर वारा सुटलेला, बनियन पाठीला चिकटलेलं आणि दात वाजायला लागलेले. भाकरी तोंडात घालताना बोटं वळेनात. तेव्हापासून निघतानाच अंगावर कमी घालते. पहिली दहा मिनिटं जरा गारठा वाजलाच पाहिजे. स्वेटर आणि कानटोपी पिशवीत, आणि एक कोरडं बनियन खताच्या गोणीच्या आत असते त्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वर पोचल्यावर खायला बसायच्या आधी आडोसा बघून बनियन बदलायचं. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

बुटांची परीक्षा घरीच घ्या. धुण्याच्या दगडावर पाणी ओता, बूट घालून उभे राहा आणि टाचेवर जोर द्या. तिथे सरकले तर घळीतल्या पायऱ्यांवरही सरकणार.

आता आभाळ. रात्री कडाक्याची थंडी, पहाटे तारे स्वच्छ आणि उत्तरेचा कोरडा वारा असेल तर बिनघोर निघा. पण कालपर्यंत हुडहुडी भरत होती आणि आज रात्री एकाएकी उबारा वाटला, हवेत ओल जाणवली, तर ढग येताहेत असं समजा. रात्री ढगांचं पांघरूण असलं की जमिनीची ऊब वर निघून जात नाही. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री बघाच, विजांचा इशारा असेल तर त्या दिवशी जाऊच नका. गावातून माथा दिसतोय का, तेही बघा. माथा ढगात असेल तर टपरीवर चहा घेत तासभर थांबा. उन्हं वर आली की पुष्कळदा तो मोकळा होतो. नाहीच झाला तर घळीतली कोरीव जैन लेणी बघून परत या, तोही चांगला दिवस होतो.

पायऱ्या संपून पठारावर पाऊल ठेवलंत की लगेच मागे वळा आणि घळीच्या तोंडाचा फोटो काढा. परतताना तीच जागा अनोळखी वाटते. पठार ऐसपैस आहे. अंजनीमातेचं मंदिर, पुढे तळं आणि त्यापुढे माथ्याचा दुसरा चढ. एकदा तळ्यापाशी असताना पाच मिनिटांत धुकं आलं, हातातली काठी दिसत होती, तिचं टोक दिसत नव्हतं. आम्ही जागीच बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी देवळाच्या घंटेचा आवाज आला, तेव्हा दिशा कळली. अशा वेळी ‘इथून उतार दिसतोय’ म्हणून वाट सोडून खाली जाऊ नका. पठाराच्या कडेला सरळ कडे आहेत, गिधाडं घरटी करतात ते. आणि वीज चमकली किंवा गडगडलं तर मात्र माथ्याचा नाद सोडून लगेच पठार उतरायला लागा, एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

पाणी दोन लिटर. थंडीत तहान लागत नाही म्हणून घोट घोट आठवणीनं प्यायचं. खाणं पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवा. हातात पिशवी दिसली की माकडं ओढतातच.

परतायची वेळ खालीच ठरवा आणि घरी सांगून ठेवा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, घळीत त्याआधीच अंधारतं. सकाळी आठला चढायला लागलात तर एक वाजता, असाल तिथून, मागे फिरा. माथा शंभर पावलांवर राहिला असला तरी. मी स्वतः दोनदा दुसऱ्या चढाखालून परतले आहे. तिसऱ्या खेपेला माथ्यावर ऊन होतं आणि ब्रह्मगिरी समोर लख्ख दिसत होता.